गुरुवारी बारा वाजता पाण्याचा न्याय

नमस्कार श्रोतेहो.

कुणी बांध कोरला, कुणी पाळी नसताना दारं फोडून पाणी वळवलं. जमीनपाण्याची भांडणं कशी पेटतात, ते तुम्हाला मी काय सांगावं! ती मिटतात कशी, ते सांगतो. त्यासाठी स्पेनमध्ये, वालेन्सिया शहरात जाऊ.

दिवस गुरुवार. कॅथेड्रलच्या दाराशी लोखंडी कठड्याच्या आत लाकडी खुर्च्या गोलात मांडलेल्या. दुपारी बाराचे टोले पडतात आणि काळे झगे घातलेले आठ जण येऊन बसतात. बाराला म्हणजे बाराला. हल्ली प्रत्येकाच्या खिशात घड्याळ असतं आणि वेळेवर कुणीच येत नाही, पण ते असो.

हे पाण्याचं न्यायालय. तुरिया नदीवरच्या आठ पाटांचे हे आठ प्रमुख, त्या त्या पाटावरच्या शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले. आणि आठही जण स्वतः शेतकरी. परत सांगतो, न्याय देणारे स्वतः शेतकरी. पाणी कुठं मुरतं आणि कुठं चोरीला जातं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

एकेका पाटाचं नाव घेऊन पुकारा होतो. अनेकदा कुणीच पुढं येत नाही, न्यायालय काही मिनिटांत उठतं आणि बघायला जमलेले पर्यटक हिरमुसतात. तक्रार असलीच, तर सगळं तोंडी. वकील नाहीत, अर्जांचे गठ्ठे नाहीत. गठ्ठा जाड झाला की भांडण नातवंडांच्या वाट्याला येतं, हे माझं जुनं मत. वकील मित्रांनी रागावू नये. कुणी बोलायचं, ते अध्यक्ष हातानं नाही, पायानं दाखवतात! चर्चेच्या कार्यक्रमांना असा एक पाय मिळाला तर काय बहार येईल.

आता नीट ऐका. आरोपी नदीच्या डाव्या काठचा असेल, तर निकाल सुचवतात उजव्या काठचे प्रमुख. उजव्या काठचा असेल, तर डाव्या काठचे. त्याच्या स्वतःच्या पाटाचा प्रमुख निकालात भाग घेत नाही. निकाल तिथल्या तिथं लागतो आणि त्यावर अपील नाही. 2009 मध्ये युनेस्कोनं या न्यायालयाला अमूर्त वारशाच्या, म्हणजे जपाव्यात अशा जिवंत परंपरांच्या, यादीत घेतलं.

त्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना. वालेन्सियाचे पाट त्यांच्या अभ्यासात होते. वापरणाऱ्यांनीच नियम करावेत, राखणही त्यांनीच करावी, पहिल्या चुकीला दंड थोडा असावा आणि तंटा जवळच, स्वस्तात तुटावा, असं जिथं होतं तिथं सामाईक पाणी, कुरण, जंगल टिकतं, असं त्यांना आढळलं.

पण भांडण मुळात होऊच नये म्हणून? वालेन्सियात शेतकऱ्याच्या नावावर पाण्याचा ठरलेला आकडा नसतो, वाटा असतो. नदी आटली की सगळ्यांचंच पाणी घटतं. फारच ओढ पडली, तर जे पीक वाळायला आलंय त्याला आधी. आकडा नाही, वाटा. एवढं लक्षात असू द्या.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं. 1922 च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी 75 लाख एकर-फूट पाणी लिहून दिलं (एका एकरावर फूटभर उभं राहील ते एक एकर-फूट), तेही भरपूर पावसाच्या वर्षांचा हिशेब धरून. पुढं नदीत तेवढं पाणी भरेना. कराराला शंभर वर्षं उलटून गेली, तरी तिथली सात राज्यं कुणी किती पाणी कमी घ्यायचं यावर वाद घालतच होती.