तळघरातलं गाणं

मघाशी आपण जे गाणं ऐकलं, त्यात मुख्य गायक तोंड उघडायच्या आधीच मागची मुलं सुरू झाली होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. 'शू-डू, शूबी-डू'. या अक्षरांना अर्थ नाही. पण ती काढून टाकली तर गाणं जागच्या जागी खाली बसेल. पोवाड्यात झीलकरी 'जी जी रं जी' धरतात म्हणून शाहिराला दम घेता येतो, पुढची ओळ उचलता येते. या मुलांचंही काम तेच. आज मला बोलायचंय ते मुख्यतः या मागच्या आवाजांबद्दल.

गाण्याचं नाव 'इन द स्टिल ऑफ द नाइट'. गाणारे 'द फाइव्ह सॅटिन्स', साल १९५६. गाव न्यू हेवन, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं. लिहिणारा आणि गाणारा फ्रेड पॅरिस तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि सैन्यात होता. सुट्टीत प्रेयसीला भेटून तो फिलाडेल्फियाच्या छावणीत परतला, रात्रीच्या पहाऱ्यावर उभा राहिला आणि थंडीत, सामसूम काळोखात त्याला हे गाणं सुचलं. याच नावाचं, कोल पोर्टर या संगीतकाराचं एक गाणं १९३७ पासून लोकांच्या ओठांवर होतं. गल्लत नको म्हणून तबकडीवर 'नाइट'चं स्पेलिंग मुद्दाम बोलीतलं, आखूड छापलं.

रेकॉर्डिंग कुठे झालं? सेंट बर्नडेट चर्चच्या तळघरात. स्टुडिओ नव्हता. तिथला एक तरुण, विनी मॅझेटा, सॅक्सोफोन वाजवायचा. ही जागा त्यानंच सुचवली आणि मधला तो संथ तुकडाही त्याचाच आहे. नीट ऐका, प्रत्येक आवाजाभोवती भिंतींचा घुमारा आहे. कडा किंचित धुरकट आहेत. हा दोष आहे असं कुणी म्हणेल. मला तो या गाण्याचा प्राण वाटतो. कृष्णवर्णीय वस्त्यांतली ही मुलं वाद्यं परवडत नसत म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली गात, जिथे आवाज घुमेल तिथे गात. तळघरानं तोच घुमारा जसाच्या तसा तबकडीवर उतरवला.

रचना अगदी साधी आहे. चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गुच्छ, पुन्हा पुन्हा फिरतात. त्यांचे मूळ स्वर आपल्या भाषेत सा, ध, म, प. ठेक्याच्या प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, त्यामुळे गाणं चालत नाही, झुलतं. हा साचा त्या काळात शेकडो गाण्यांनी वापरला. कुठल्याही चार पोरांनी उभं राहावं आणि त्यावर आपली चाल बसवावी, इतका तो मोकळा होता. मधल्या सॅक्सोफोनच्या वेळी मागची मुलं 'डू-वॉप, डू-वा' म्हणतात. पुढे या साऱ्या गायनप्रकाराला 'डू-वॉप' हेच नाव पडलं. ते नेमकं कुठल्या गाण्यावरून पडलं यावर वाद आहेत. या गाण्याचं नाव त्यात हमखास निघतं.

आधी हे गाणं तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होतं, म्हणजे भर दुसऱ्याच गाण्यावर होता. लोकांनी मात्र बाजू उलटवली. कृष्णवर्णीय संगीताच्या लोकप्रियतेच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं, सर्वसाधारण यादीत चोविसाव्या. त्या वेळी फ्रेड होता जपानमध्ये, सैन्याच्या नोकरीवर. स्वतःचं गाणं गाजत असताना तो ते मंचावर गायला हजर नव्हता, ही गोष्ट मला आजही चटका लावते.

चोविसावा क्रमांक म्हणजे फार मोठं यश नव्हे. पण १९६० आणि १९६१ मध्ये ते पुन्हा यादीत आलं. जुन्या गाण्यांचे संग्रह निघू लागले, त्यांत ते असायचंच. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम केंद्रावर श्रोत्यांच्या आवडत्या जुन्या गाण्यांची यादी लागायची; तिथे वर्षानुवर्षं हे पहिलं. माझ्या मते कारण गाण्यातच आहे. 'मी ती रात्र आठवेन', असं ते म्हणतं. गाणारा एकोणीस वर्षांचा, आणि गोष्ट आत्ताच आठवणीत टाकलेली! त्यामुळे ऐकणारा म्हातारा होत गेला तसं गाणं त्याच्या जास्त जवळ आलं.

नंतर पुष्कळांनी ते गायलं. १९७६ मध्ये 'द बीच बॉइज'नी गायलं. १९८५ मध्ये रॉनी मिलसॅप या अंध कंट्री गायकानं पन्नासच्या दशकाची ओढ सांगणाऱ्या आपल्या गाण्यात हेच गाणं ओवून घेतलं. १९९२ मध्ये 'बॉइज टू मेन'नी वाद्यांशिवाय, फक्त गळ्यांवर गायलं आणि ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यांचे सूर लखलखीत आहेत, एकही कण इकडचा तिकडे नाही. मी ते आवडीनं ऐकतो. पण त्यात तळघर नाही.

फ्रेड पॅरिस २०२२ च्या जानेवारीत गेला, पंच्याऐंशीव्या वर्षी. शेवटपर्यंत तो हे गाणं गात राहिला होता.

आता मूळ तबकडी पुन्हा एकदा लावतो. तीन मिनिटांची आहे. या वेळी फ्रेडला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मागच्या मुलांकडे कान द्या; तो ओळ संपवून श्वास घेतो, तेव्हा ती काय करतात ते ऐका.