काळी पट्टी

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. राखाडी हेल्मेट. दोन हात त्याच्या मधोमध काळी टेप चिकटवतायत. टेप ओढल्याचा आवाज.)

हे हेल्मेट दुकानातून आणलेलं आहे. टेप आमच्याच हातची, आणि ती जरा तिरकी गेलीय. पण तिच्याखाली जो लाल पट्टा झाकला गेला, तो पुन्हा उघडा व्हावा म्हणून सतरा-अठरा वर्षांची मुलं पहाटेपासून घाम गाळतात.

कोलंबस, ओहायो. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे नावात पाय असला तरी बहुतेक हातानेच खेळला जाणारा. २०१२ साली अर्बन मायर इथे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी ही पद्धत सुरू केली. संघात नवा आलेला प्रत्येक जण काळी पट्टी लावूनच सरावाला उतरणार. शाळेत त्याने कितीही मैदानं गाजवलेली असोत. मग त्याने संघातली जागा कमावली असं ठरलं, की एखाद्या दिवशी सराव संपल्यावर सगळे गोल करून उभे राहतात, त्याचं नाव पुकारलं जातं आणि टेप ओढून काढली जाते. मुलगा दोन शब्द बोलतो. बहुतेकांना दोनच सुचतात.

(दृश्य: एप्रिलमधली दुपार. ओहायो स्टेडियम. कॅमेरा वरच्या रांगेतून हळूहळू मैदानाकडे.)

नालेच्या आकाराचं म्हणून याला सगळे ‘हॉर्सशू’ म्हणतात. १९२२ साली बांधलेलं. आज इथे १,०२,७८० माणसं बसतात. तीन वानखेडे भरतील एवढी. आज चाललाय तो खरा सामना नाही. संघ आपसातच खेळतोय, वसंतातल्या सरावाचा शेवट म्हणून. तरीही लोक आलेत, आणि दुर्बिणी लावून एकच गोष्ट शोधतायत. काळी पट्टीवाली डोकी. यातला कोण सप्टेंबरमध्ये खरोखर खेळणार?

कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला इथे ‘फ्रेशमन’ म्हणतात. दरवर्षी वीस-पंचवीस येतात. त्यातले बहुतेक पहिला हंगाम कडेला उभे राहून काढतात. एखाद-दुसरा मात्र आल्या आल्या सामना फिरवतो. तो कोणता, हे आधी ओळखणं हा अमेरिकेत एक धंदाच झालाय.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. नावांची यादी सरकतेय. प्रत्येक नावापुढे तारे.)

या धंद्याचं चलन म्हणजे तारे. शाळेतल्या खेळाडूंना दोनपासून पाचपर्यंत तारे मिळतात. ते देणाऱ्यांपैकी एक मोठं नाव म्हणजे ‘टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स’. तिथे पाच तारे साधारण बत्तीस मुलांना मिळतात. बत्तीसच का? तर व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या निवडीत पहिल्या फेरीत बत्तीस जागा असतात म्हणून.

इथे जरा थांबा. पाच तारे म्हणजे ‘हा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत निवडला जाईल’ हा अंदाज. येत्या सप्टेंबरबद्दल त्यात एक अक्षर नाही. आणि लोक नेमके तेच तारे मोजून सप्टेंबरचं भविष्य सांगत बसतात.

टेक्सासचा क्विन यूअर्स घ्या. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन सगळा डाव चालवणारा. त्याला त्या यादीत पूर्ण गुण होते, १.००००. शाळेचं शेवटचं वर्ष सोडून तो ऑगस्ट २०२१ मध्ये कोलंबसला आला. अख्ख्या हंगामात तो मैदानावर किती वेळा दिसला? दोन डावांसाठी. (इथे डाव म्हणजे चेंडूची एकच खेप.) मिशिगन स्टेटविरुद्ध, सामना कधीच हातात आल्यावर. दोन्ही वेळा त्याने चेंडू शेजारच्याच्या हातात दिला. डिसेंबरमध्ये तो टेक्सासला परत गेला.

मुलगा कच्चा होता का? मुळीच नाही. पुढे त्याने टेक्सास युनिव्हर्सिटीला लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेलं. त्यातल्या दुसऱ्या खेपेला, जानेवारी २०२५ मध्ये, समोर ओहायो स्टेटच होतं. यूअर्सच्या हातून चेंडू निसटवून, तो उचलून ८३ यार्ड पळाला आणि सामना संपवला जॅक सॉयरने. कोलंबसमधला त्याचा जुना रूममेट. (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा बोटभर कमी, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.)

(दृश्य: प्रेक्षकांत एक मराठी कुटुंब. मांडीवर डबा, गळ्यात लाल मफलर.)

आमच्या पुढच्या रांगेत एक काका भेटले. कोलंबसला येऊन त्यांना वीस वर्षं झाली. कॅमेऱ्यासमोर बोलायला ते तयार नव्हते, पण थेपला पुढे करत त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की कोण आलाय ते नंतर बघ, आधी कोण गेलाय ते बघ.

हे अगदी रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखं आहे. तुम्ही कितीही महत्त्वाचे असा, पुढच्यांनी तिकिटं रद्द केल्याशिवाय तुमचं कन्फर्म होत नाही.

(दृश्य: रिसीव्हरांचा सराव. यंत्रातून सुटणारे चेंडू, हातमोज्यांवर आदळल्याचा ‘थप्प’. हळू गतीत.)

ओहायो स्टेटचे रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन झेल घेणारे. २०२१ साली मार्विन हॅरिसन ज्युनिअर इथे फ्रेशमन म्हणून आला. वडील एनएफएलच्या हॉल ऑफ फेममधले, गुण रक्तातच. त्या मोसमात त्याच्या वाट्याला आले ११ झेल. कारण त्याच्या पुढे तिघं उभे होते, ख्रिस ओलावे, गॅरेट विल्सन आणि जॅक्सन स्मिथ-एनजिग्बा. मग १ जानेवारी २०२२ ला रोझ बोल, मोसमाअखेरचा मानाचा सामना. एनएफएलच्या निवडीवर डोळा ठेवून ओलावे आणि विल्सन त्या सामन्यात उतरलेच नाहीत. जागा झाली, आणि हॅरिसनने त्या एका दुपारी तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. मुलगा तोच, हात तेच. मोसमभर बसून राहिला होता, इतकंच.

दोन वर्षांनी हॅरिसन स्वतः एनएफएलला गेला. ज्युलियन फ्लेमिंग दुसऱ्या कॉलेजात गेला. एका झटक्यात दोन जागा रिकाम्या. आणि त्याच जानेवारीत, २०२४ मध्ये, फ्लोरिडातून जेरेमाया स्मिथ दाखल झाला.

(दृश्य: सरावात चार नंबरच्या जर्सीतला खेळाडू. एका हाताने घेतलेला झेल. तोच झेल पुन्हा.)

देशातला पहिल्या क्रमांकाचा मुलगा. म्हणजे तारे होतेच, जागाही होती. आणि तिसरी गोष्ट, जी यादीत कुठेच छापलेली नसते: तो जानेवारीत आला.

शाळा डिसेंबरातच संपवून जानेवारीत कॉलेज गाठायचं. असं केलं की वसंतातले १५ सराव मिळतात. पंधरा म्हणजे फार नाहीत. पण ऑगस्टमध्ये येणाऱ्याला ते शून्य असतात. या पंधरा सरावांत मुलगा डावांची भाषा शिकतो. कुठल्या खुणेला आत वळायचं, समोरचा बचाव बदलला की आपली वाट कशी बदलायची, चेंडू कितव्या पावलाला येणार. इथे पाहा. हा मुलगा झेल सुटला म्हणून मागे राहिलेला नाही. तो अर्धं पाऊल उशिरा वळला, आणि चेंडू तोवर येऊन गेला. प्रशिक्षक ओरडत नाहीत. नुसती बोटाने खूण करतात, पुन्हा. तो परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. अशा किती रांगा, किती ‘पुन्हा’. मला विचाराल तर सगळा अंदाज याच रांगेत लपलेला आहे, आणि तो बघायला पडद्यावरची यादी बाजूला ठेवून मैदानाच्या कडेला दोन तास उभं राहावं लागतं.

स्मिथची काळी पट्टी त्या वसंतातच निघाली. पुढच्या हंगामात त्याने ७६ झेल घेतले, १,३१५ यार्ड, १५ टचडाउन. ओहायो स्टेटच्या फ्रेशमनांचे क्रिस कार्टरच्या नावावरचे, १९८४ पासूनचे विक्रम मोडले. रोझ बोलमध्ये ऑरेगनविरुद्ध १८७ यार्ड. पुढच्याच सामन्यात, टेक्सासविरुद्ध, एक झेल आणि तीन यार्ड. हो, तीनच. त्याला कोंडून ठेवलं होतं. अंतिम सामन्यात, अटलांटात, नोत्र दामविरुद्ध शेवटच्या मिनिटांत चेंडू आपल्याकडे राखायला ११ यार्ड हवे होते. चेंडू त्याच्याकडेच गेला. ५६ यार्ड. विजेतेपद.

(दृश्य: धातूची ढकलगाडी. तिला भिडणारे सहा धिप्पाड खेळाडू. उडणारी माती, धापा.)

आता हे. ही जड गाडी म्हणजे ‘स्लेड’, आणि तिला खांदा देणारे ते लाइनमन, म्हणजे समोरच्याला अंगाने रेटून अडवणारे. इथे मात्र आल्या आल्या खेळायला मिळणं कठीण. झेल घ्यायला वेग पुरतो, आणि वेग सतराव्या वर्षीही असतो. इथे समोर बावीस वर्षांचा, चार-पाच वर्षं वजनं उचललेला, १३५ किलोचा पुरुष असतो. शाळेत हाच मुलगा सगळ्यात मोठा होता, त्यामुळे त्याला तंत्राची कधी गरजच पडली नाही. इथे पहिल्या आठवड्यात तो पाठीवर असतो.

अपवाद एकच सांगतो. १९९४ साली सँडस्कीहून आलेला ऑर्लँडो पेस. पहिल्या वर्षापासून डाव्या टोकाला उभा राहिला. समोरच्याला असा भुईसपाट करायचा की त्याला इथे ‘पॅनकेक’ म्हणतात. आपण धिरडं म्हणू. पुढे सर्वोत्तम खेळाडूच्या चषकासाठी त्याचा प्रचार म्हणून युनिव्हर्सिटीने फ्रिजवर लावायची पॅनकेकच्या आकाराची चुंबकं वाटली. लाइनमनसाठी असा थाट क्वचितच होतो.

क्वार्टरबॅकबद्दलही बोलण्यासारखं आहे. क्लेमसन युनिव्हर्सिटीचा ट्रेव्हर लॉरेन्स २०१८ च्या मोसमात फ्रेशमन असतानाच राष्ट्रीय विजेता ठरला, आणि तोही जानेवारीतच आलेला. पण ते चित्रण आपल्याकडे नाही, तेव्हा पुढे जाऊ.

(दृश्य: स्टेडियमबाहेर आर्ची ग्रिफिनचा पुतळा. पायाशी लहान मुलं फोटो काढतायत.)

हा अंदाजाचा खेळ मुळात किती जुना? १९७२ च्या आधी प्रश्नच नव्हता. युद्धकाळासारखे अपवाद सोडले तर पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायला बंदीच होती. त्या वर्षी नियम बदलला आणि कोलंबसमधल्याच ईस्टमूर हायस्कूलचा एक बुटकासा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, आर्ची ग्रिफिन, संघात आला. पहिला सामना आयोवाविरुद्ध. एकदाच चेंडू मिळाला, तोही हातातून सुटला. प्रशिक्षक वुडी हेज यांच्यापुढे चेंडू सोडणं म्हणजे विचारायलाच नको. आर्चीला वाटलं, संपलं सगळं.

३० सप्टेंबर १९७२. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच सत्रात अचानक नाव पुकारलं गेलं. तो एवढा हरखला की हेल्मेट न घालताच मैदानात धावला, त्याला परत बोलवावं लागलं. मग हेल्मेट घालून पुन्हा आत गेला, आणि त्या दिवशी पळाला २३९ यार्ड. तोवरचा ओहायो स्टेटचा विक्रम. त्या सकाळी त्याच्या नावावर पैज कोण लावणार होतं? पुढे १९७४ आणि १९७५, लागोपाठ दोनदा, हाइझमन चषक, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. असा दोनदा मिळवणारा आजवर तो एकटाच.

(दृश्य: जुनं छायाचित्र. १३ नंबरची जर्सी. कॅमेरा हळूहळू चेहऱ्यावर.)

मॉरिस क्लॅरेट. ओहायो स्टेटचाच रनिंग बॅक. तोही जानेवारीतच आला होता, २००२ मध्ये, जेव्हा तसं येणारे फार थोडे असत. पहिल्याच सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध १७५ यार्ड, तीन टचडाउन. मोसमात १,२३७. अंतिम सामन्यात मायामीच्या शॉन टेलरने चेंडू अडवून पळायला सुरुवात केली, तर मागून येऊन या पठ्ठ्याने तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला. दोनदा जादा वेळ. शेवटचं, विजयाचं टचडाउनही त्याचंच. ३१-२४. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

कॉलेजकडून तो पुन्हा कधी खेळला नाही. निलंबन, कोर्टकचेरी, २००६ मध्ये तुरुंग.

(दृश्य: सराव संपतोय. मुलं हेल्मेट काखेत धरून बोगद्याकडे.)

२०१८ पासून नवा नियम आहे. फ्रेशमन चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याचं वर्ष वाया जात नाही. म्हणून हल्ली सप्टेंबरात बरीच नवी तोंडं दिसतात आणि ऑक्टोबरात गायब होतात. ज्यांची पट्टी निघत नाही, त्यातले काही डिसेंबर उजाडेपर्यंत दुसऱ्या कॉलेजाच्या वाटेला लागलेले असतात. जानेवारीत येणाऱ्यांचं शाळेचं शेवटचं सत्र बुडतं, ते वेगळंच.

(दृश्य: बोगद्याच्या तोंडाशी एक मुलगा मागे वळून पाहतो. हेल्मेटवरच्या टेपचं टोक घामाने सुटलंय. तो अंगठ्याने ते दाबून बसवतो. पाच सेकंद निवेदन नाही.)

याचं नाव आम्ही विचारलं नाही. झेल घेणाऱ्यांच्या रांगेत तो चौथा होता. त्याच्या पुढचे दोघं यंदा शेवटच्या वर्षाला आहेत.

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघरातलं टेबल. टेप ओढली जाते. लाल पट्टा.)

टेप निघाली. डिंक मात्र लाल पट्ट्यावर तसाच चिकटून बसला. शेवटी खोबरेल तेल लावून, कापसाने चोळून काढावा लागला.