बेलभंडारा, आयोवाचा

(मक्याची शेतं, उंचावरून. काही क्षण फक्त वाऱ्याचा आवाज.)

हे आयोवा. अमेरिकेच्या नकाशात साधारण मधोमध. बघावं तिकडं मका आणि मक्यातून गेलेला सरळसोट रस्ता. सगळ्या राज्याची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. एरवी देशाला या राज्याची फारशी आठवण येत नाही. पण अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की इथल्या गावागावांत इतके बडे नेते उतरतात, की पिझ्झाच्या दुकानात निवांत खात बसलेल्या माणसालाही दोनचार हात मिळवल्याशिवाय घरी जाता येत नाही.

कारण साधं आहे. १९७२ पासून पक्षाचा उमेदवार ठरवण्याची सुरुवात इथून व्हायची. त्या पद्धतीला म्हणतात कॉकस. ऐन थंडीतल्या एका संध्याकाळी लोक शाळेत, चर्चमध्ये, वाचनालयात जमतात, भाषणं ऐकतात, आणि रिपब्लिकन मंडळी एका चिठ्ठीवर आपल्या माणसाचं नाव लिहून देतात. २०१२ साली अशा चिठ्ठ्या पडल्या सुमारे १ लाख २१ हजार. आपल्याकडे विधानसभेच्या एका मतदारसंघातही याहून जास्त मतं पडतात. आणि ती चिठ्ठी टाकणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक इव्हँजेलिकल, म्हणजे नेमाने चर्चला जाणारे, बायबलला प्रमाण मानणारे. वारकऱ्यांशी तुलना करायचा मोह होतो, पण करू नये. वारकरी उमेदवारांच्या सह्या घेत फिरत नाहीत.

इथं मात्र सह्याच घेतल्या गेल्या. आजची गोष्ट त्या कागदाची.

(एका कोऱ्या कागदावर पेन ठेवलेलं.)

७ जुलै २०११. बॉब व्हँडर प्लाट्स नावाच्या गृहस्थांनी आपल्या 'द फॅमिली लीडर' या संघटनेतर्फे एक शपथपत्र जाहीर केलं. नाव, 'द मॅरेज व्हाऊ', विवाहाची शपथ. खाली उपशीर्षकही होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला शब्द मुद्दाम उलटा फिरवून त्यांनी लिहिलं होतं, विवाह आणि कुटुंबावर अवलंबून असल्याचा जाहीरनामा.

व्हँडर प्लाट्स मूळचे शाळामास्तर, पुढे मुख्याध्यापक. गव्हर्नर व्हायचा तीनदा प्रयत्न केला, एकदाही जमलं नाही. पण स्वतः निवडून येणं ही एक कला आणि दुसऱ्याला पाडणं ही वेगळी कला. दुसरी त्यांना चांगली साधली होती. ३ एप्रिल २००९ रोजी आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क नाकारता येणार नाही. आयोवात न्यायाधीशाला पदावर ठेवायचं की नाही, यावर ठरावीक वर्षांनी जनतेचं मत घेतात. १९६२ मध्ये ही पद्धत आल्यापासून सर्वोच्च न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशाला लोकांनी घरी पाठवलं नव्हतं. नोव्हेंबर २०१० मध्ये तिघांना एकदम पाठवलं. त्या मोहिमेचे म्होरके होते व्हँडर प्लाट्स.

त्यामुळे आठ महिन्यांनी हा माणूस कागद घेऊन पुढे आला, तेव्हा कुणी हसण्यावारी नेलं नाही. अट सरळ होती. १ ऑगस्टच्या आत सही करा. सही नाही, तर संघटनेचा पाठिंबा नाही.

आता कागदात काय होतं, ते बघू. मुद्दे चौदा. समलिंगी विवाहाला विरोध, राज्यघटनेत तशी दुरुस्ती, गर्भपाताला विरोध, शरियाला नकार, घटस्फोट मागणाऱ्यांनी आधी थोडं थांबावं अशी तजवीज, सरकारी खर्चाला कात्री. भरपूर मुलंबाळं होणं हे देशाच्या अर्थकारणाला आणि सामर्थ्याला हितकारक आहे, असंही एक कलम. आजीबाईंनी नव्या सुनेला दिलेला आशीर्वाद सरकारी भाषेत लिहिला तर तो असाच वाचला जाईल.

पण सगळ्यांची नजर खिळली पहिल्याच मुद्द्यावर. मी माझ्या जोडीदाराशी एकनिष्ठ राहीन, आणि दुसऱ्याच्या संसाराचा मान राखीन.

अमेरिकेत उमेदवारांकडून लेखी वचन घेणं नवं नाही. कर वाढवणार नाही असं लिहून देणारे रिपब्लिकन १९८६ पासून रांगेत उभे आहेत. पण ती वचनं कारभाराची. सभागृहात हात वर केला की नाही, हे मोजता येतं. इथं मागणी होती ती घरातल्या वागण्याची. आणि ते मोजायचं कुणी? व्हँडर प्लाट्स यांनी?

याच देशात शंभर वर्षांपूर्वी नीतीचंच राजकारण करणारी एक संघटना होऊन गेली. तिचा हिशेब नेमका उलटा होता. 'अँटी-सलून लीग', दारूचे गुत्ते बंद करायला निघालेली मंडळी. १८९३ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन गावी तिची सुरुवात झाली. तिचे सूत्रधार वेन व्हीलर हे मोठे व्यवहारी गृहस्थ. उमेदवार घरी काय पितो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, सभागृहात मत दारूबंदीला दिलं की झालं. त्या बाजूने मत देणाऱ्यांत एक सिनेटर होते वॉरन हार्डिंग. हेच हार्डिंग पुढे अध्यक्ष झाले, आणि देशात दारूबंदी लागू असताना त्यांच्या व्हाइट हाउसमधल्या पत्त्यांच्या बैठकीत व्हिस्की असायची. व्हीलरना ढोंग चालत होतं, मत मिळाल्याशी मतलब. व्हँडर प्लाट्सना ढोंग नको होतं. म्हणजे हे जास्त प्रामाणिक झाले की जास्त भाबडे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

(पत्रकार परिषदेतले मायक्रोफोन. आवाज नाही.)

पहिली सही आली मिशेल बाकमन यांची. मिनेसोटातून तेव्हा काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आलेल्या, पण जन्म आयोवातल्या वॉटर्लूचा. स्वतःची पाच मुलं, शिवाय वेळोवेळी घरी सांभाळलेल्या तेवीस मुली. पाठोपाठ रिक सँटोरम यांनी सही केली. पेन्सिल्व्हेनियाचे माजी सिनेटर, सात मुलांचे वडील. दोघांच्याही संसाराकडे बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती. तरीही सँटोरम यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं, की पहिला मुद्दा वाचून तेही आधी चमकले होते.

इथवर ठीक. मग लोक कागद नीट वाचायला लागले.

शपथेच्या आधी एक प्रस्तावना जोडली होती. तिच्यात म्हटलं होतं, की गुलामगिरीने कृष्णवर्णीय कुटुंबांचं अतोनात नुकसान केलं हे खरं, पण १८६० मध्ये गुलामीत जन्मलेलं मूल आईबाप दोघांच्या छायेत वाढण्याची शक्यता, पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडून आल्यानंतर जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलापेक्षा जास्त होती.

१८६० मध्ये दक्षिणेतल्या राज्यांत गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत शून्य होती. मालकाच्या मनात आलं की नवरा एका गावी विकला जाई, बायको दुसऱ्या, आणि मूल तिसऱ्याच. विवाहाचं पावित्र्य सांगायला बसलेल्यांनी उदाहरण शोधलं ते या काळातलं.

दोनतीन दिवसांत संघटनेने तो उतारा काढून टाकला आणि गैरसमज झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. बाकमन यांच्या बाजूने खुलासा आला, की बाईंनी सही केली ती शपथेवर, प्रस्तावनेवर नव्हे. हात दाखवून अवलक्षण! बँकेचे कागद न वाचता सह्या करणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी त्यांच्यावर हसायचा अधिकार नाही. पण आपण राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेलो नसतो.

नकार देणाऱ्यांचीही एक तऱ्हा होती. न्यू मेक्सिकोचे माजी गव्हर्नर गॅरी जॉन्सन यांनी हा कागद अपमानकारक आहे, रिपब्लिकन विचारांना धरून नाही, असं रोखठोक सांगितलं. टिम पॉलेंटी म्हणाले, मतं बरीचशी पटतात, पण मी माझ्या शब्दांत बोलेन. मिट रॉम्नी यांच्या प्रवक्त्या म्हणाल्या, यातल्या काही गोष्टी अध्यक्षपदाच्या प्रचाराला शोभणाऱ्या नाहीत. रॉम्नींचं लग्न १९६९ पासूनचं, पाच मुलगे, कसलाही डाग नाही. सही करणं त्यांना सगळ्यांत सोपं होतं. त्यांनी केली नाही. ऑगस्टमध्ये विवाहासंबंधीच्याच दुसऱ्या एका संघटनेच्या प्रतिज्ञेवर मात्र केली, कारण तिथं फक्त धोरण विचारलं होतं, घरचं काही नाही.

आणि न्यूट गिंग्रिच?

प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती. तिसरं लग्न. क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालला होता, त्याच काळात आपलेही विवाहबाह्य संबंध होते, अशी कबुली त्यांनी २००७ मध्ये एका ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमात दिली होती. आयोवातले न्यायाधीश पाडायला जो पैसा उभा राहिला, त्यात त्यांचाही हात होता. म्हणजे व्हँडर प्लाट्स यांचे ते ऋणानुबंधी. व्हँडर प्लाट्सना गिंग्रिच सोडवेनात, आणि गिंग्रिचना सही करवेना.

पाच महिने असेच गेले. डिसेंबर उजाडला, गिंग्रिच पाहण्यांमध्ये पुढे आले, आणि मग त्यांनी सही करण्याऐवजी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात वाक्य होतं, की स्वतःच्या जोडीदाराशी एकनिष्ठ राहून आणि इतरांच्या विवाहबंधनाचा आदर राखून मी विवाहसंस्था जपण्याची प्रतिज्ञा करतो. बाकमन यांनी जे महिन्याच्या मुदतीत दिलं, तेच यांनी मुदत उलटल्यावर, आपल्या सोयीने आणि आपल्या कागदावर दिलं. संघटनेला तेही चाललं. माझ्या मते कागदाचा खरा अर्थ या पत्रात उघडा पडतो. गिंग्रिच यापुढे कसे वागतील, हे जाणून घेण्यात कुणाला रस नव्हता. ते आयोवाच्या या मुख्याध्यापकांना उत्तर लिहितात की नाही, एवढंच बघायचं होतं. त्यांनी लिहिलं.

(मांडवी नदी. संध्याकाळ.)

शपथेला एवढं महत्त्व देणारे फक्त अमेरिकन, असं कुणी समजू नये. आपल्याकडे बेलभंडारा उचलायची रीत जुनी आहे. २२ जानेवारी २०२२ रोजी गोव्यात काँग्रेसने आपल्या उमेदवारांना बसमध्ये घातलं आणि पणजीचं महालक्ष्मीचं देऊळ, बांबोळीचा खुरीस, म्हणजे क्रूस, आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेलं. निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही, अशी तिथं शपथ घेतली. विषय वेगळा, नीतीपेक्षा निष्ठेचा, पण युक्ती तीच. निवडून आले अकरा. १४ सप्टेंबरला त्यातले आठ भाजपमध्ये गेले. माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना शपथेबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, मी देवळात जाऊन देवाला पुन्हा विचारलं, आणि देव म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर.

आयोवाच्या कागदात ही सोय नव्हती. तिथं कागद देवाकडे नव्हता, संघटनेकडे होता.

त्याच हिवाळ्यात या कागदाचं एक धाकटं भावंडही जन्मलं, साउथ कॅरोलायनातल्या लॉरेन्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. तिथल्या रिपब्लिकन पक्षाने २०१२ च्या सुरुवातीला ठराव केला, की आमच्या नावावर उभं राहायचं असेल तर २८ मुद्दे मान्य करा. लग्नाआधी संयम, लग्नानंतर निष्ठा, आणि सही केल्या क्षणापासून अश्लील चित्रं बघायची नाहीत. सही केल्या क्षणापासून! म्हणजे आदल्या रात्रीपर्यंतचं माफ. देशभर हसं झालं, आणि कायद्यापुढे तो ठराव टिकण्यासारखा नसल्याने मागे घ्यावा लागला.

(बर्फाने झाकलेला रस्ता. शाळेच्या खिडक्यांत दिवे.)

आयोवात काय झालं? ऑगस्टमध्ये एम्स गावात झालेला चाचणी कौल बाकमन यांनी जिंकला. तो त्यांच्या मोहिमेचा कळस आणि तिथूनच उतार. ३ जानेवारी २०१२ च्या कॉकसमध्ये त्या सहाव्या आल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली. सँटोरम एका पिकअप ट्रकमधून राज्यातल्या ९९च्या ९९ काउंट्या फिरले होते. डिसेंबरमध्ये व्हँडर प्लाट्स यांनी वैयक्तिक पाठिंबा त्यांना दिला. इतकं सगळं करून संघटना म्हणून मात्र पाठिंबा कुणालाच नाही. कॉकसच्या रात्री जाहीर झालं, की रॉम्नी आठ मतांनी जिंकले. दोन आठवड्यांनी मोजणी पक्की झाली, तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. तोवर वारं निघून गेलं होतं. उमेदवारी मिळाली रॉम्नींना.

ज्या वर्षी हा कागद निघाला, त्या २०११ मध्ये 'पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट' या संस्थेने एक प्रश्न विचारला होता. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक जबाबदारी नीतीने पार पाडू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी हो म्हणाले ३० टक्के.

१८ जुलै २०१५. गाव पुन्हा एम्स. मेळावा पुन्हा 'द फॅमिली लीडर'चाच. व्यासपीठावर डोनाल्ड ट्रम्प, तिसऱ्या लग्नाचे. कधी देवाकडे क्षमा मागितली आहे का, असं त्यांना विचारलं. मागितल्याचं त्यांना आठवेना. चर्चमध्ये थोडीशी वाइन घेतो, तो छोटासा पापुद्रा खातो, तीच माझी क्षमायाचना असावी, असं काहीसं ते बोलले. सभागृहात हशा पिकला.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रम्प यांनीही एका प्रतिज्ञेवर सही केली. इंटरनेटवरच्या अश्लीलतेपासून मुलांना वाचवण्याची, अश्लीलतेविरुद्धचे कायदे कडकपणे राबवण्याची. तो कागद पुढे करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख डॉना राइस ह्यूज. जुन्या लोकांना हे नाव आठवेल. १९८७ मध्ये सिनेटर गॅरी हार्ट अध्यक्षपदाच्या शर्यतीत पुढे होते. एका तरुणीशी त्यांचं नाव जोडलं गेलं, आणि आठवड्याभरात त्यांना शर्यत सोडावी लागली. ती तरुणी म्हणजे याच डॉना राइस.

७ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्रम्प यांची ती ध्वनिचित्रफीत बाहेर आली, बायकांच्या अंगाला हात घालण्याबद्दल फुशारकी मारतानाची. त्याच महिन्यात 'पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट'ने आपला २०११ चा प्रश्न पुन्हा विचारला असता गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी हो म्हणणारे निघाले ७२ टक्के.

(कापणी झालेलं मक्याचं शेत. नुसते बुडखे.)

नोव्हेंबरच्या ८ तारखेला ट्रम्प यांनी आयोवा जिंकलं, जवळजवळ दहा टक्क्यांच्या फरकाने.