आजोळचा नाताळ आणि मावशीची साक्ष

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘कौटुंबिक स्मृतीची घडण’ असा भारदस्त विषय छापलेला आहे आणि त्याकडे मी वळणारच आहे. परंतु त्याआधी आजोळच्या नाताळाविषयी थोडे सांगितल्याशिवाय माझ्याने पुढे जाववणार नाही.

माझ्या आईची सगळी भावंडे दरवर्षी 24 डिसेंबरला आजीच्या घरी जमत. आम्ही मुले मोठी झालो, आजी गेली, ते घरही राहिले नाही. तरीही त्या साऱ्या वर्षांमधून एकच रात्र आमच्या बोलण्यात पुनःपुन्हा येते, ती म्हणजे आजीने जन्मकथा वाचायला घेतली आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले, ती रात्र. मोठी मावशी ही हकिकत इतकी रंगवून सांगत असे, की आजीने पुस्तक न मिटता पुढची ओवी म्हणावी तशी कथा अंधारात तोंडपाठ कशी म्हटली, मामा मेणबत्ती शोधताना कोणाच्या पायावर पडला, हे सारे डोळ्यांसमोर उभे राही. (आपण हसत आहात, त्या अर्थी अशी एक मावशी आपल्याही घरी असणार.) विझलेल्या मेणबत्तीचा वास तर मला स्वतःला आजही आठवतो.

पुढे आजीच्या पेटीत एक पत्र सापडले, बहुधा टाकायचे राहून गेलेले. ते मोठ्या मावशीलाच लिहिलेले होते आणि त्याची सुरुवात अशी होती: ‘या नाताळाला तू आली नाहीस, म्हणून सगळे सविस्तर कळवते.’ म्हणजे त्या रात्रीची आमची मुख्य साक्षीदार तेथे नव्हतीच! माझ्याविषयी आजीने लिहिले होते, की बाळ अकरा महिन्यांचे झाले आहे आणि एवढ्या गोंधळातही आतल्या खोलीत गाढ झोपले होते. मेणबत्तीचा वास मी कोठून आणला, हे मला आजतागायत कळलेले नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. तेव्हा छापलेला विषय आता धावतच उरकतो. 1981 साली उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना भोवलेल्या वॉटरगेट प्रकरणातील त्यांचे वकील जॉन डीन यांची साक्ष निक्सन यांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफितींशी ताडून पाहिली, तेव्हा संभाषणांचा तपशील बराच चुकलेला, पण घडलेल्या प्रकाराचा एकंदर आशय बरोबर, असे आढळले. अनेक प्रसंग मनात मिसळून एक झाले होते. नाताळात मांडला जाणारा गोठ्याचा देखावाही असाच घडला आहे. मेंढपाळ येतात ते लूकच्या शुभवर्तमानात आणि मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, येतात ते मत्तयाच्या. मत्तयाने तर ते घरात आल्याचे सांगितले आहे आणि ते तीन होते असे कोठेही म्हटलेले नाही. तरीही दोन कथनांतली ही माणसे एकाच छपराखाली उभी राहतात. आमच्या आजोळच्या त्या रात्रीतही अशीच निरनिराळ्या वर्षांची माणसे गोळा झाली असावीत, एवढेच मला म्हणायचे होते.

ते पत्र मी आईला वाचून दाखवले. तिने ते शांतपणे ऐकले, घडी घालून मला परत दिले आणि म्हणाली, “आईला कोण आलं, कोण नाही, हे कधीच लक्षात राहत नसे.”