पन्नीचे पैसे कोणाच्या खिशात?

नमस्कार श्रोतेहो. आज प्लास्टिकच्या पन्नीबद्दल बोलायचं आहे. बिस्किटाची पन्नी, शाम्पूची पुडी, तेलाचं पाकीट. कायदा थोडक्यात असा, की ज्यानं पन्नीत माल विकला त्यानंच त्या पन्नीची विल्हेवाट लावायची, म्हणजे खर्च त्याचा. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये याचे नियम पक्के केले आणि २०२३-२४ पासून कंपन्यांवर शंभर टक्के जबाबदारी टाकली. पुन्हा सांगतो, पन्नीचा खर्च कंपनीचा. मग कंपनी तो गरिबाच्याच खिशातून काढेल का, हा आजचा प्रश्न.

पण आधी माझ्या आत्याची गोष्ट. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐका, मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आत्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडच्या एका खेड्यात राहते. कमाई मजुरीची. पावसाळ्यात निंदण, दिवाळीनंतर कापूस वेचणी. संध्याकाळी हातात पैसे पडले की त्या दिवसापुरता किराणा. पाचची चहापत्ती, दहाचं तेल, रुपयाची शाम्पूची पुडी. महिन्याचा किराणा भरणाऱ्याकडे एक डबा येतो, तिच्याकडे तीस पुड्या येतात. एका उन्हाळ्यात तिची सून ग्रामसभेत ऐकून आली, की आता पन्नीचे पैसे कंपनी देणार. झालं! आत्यानं पन्नीवर चूल पेटवणं बंद केलं, जाळायला कापसाची वाळली पऱ्हाटी होतीच. नातवंडं, शेजारची पोट्टी, सगळ्यांना वेचायला लावलं. खताच्या रिकाम्या चुंगडीत पन्नी दाबून भरली आणि जुन्या लुगड्याच्या लाल काठानं तोंड बांधलं. चुंगडी कमरेएवढी झाली.

पोळ्याच्या आधी भंगारवाला आला. सायकलला मागं काटा, पुढं लसणाची पिशवी. प्लास्टिकच्या बदल्यात लसूण, हे तुम्हाला काही नवीन नाही. आत्यानं चुंगडी पुढं सरकवली. त्यानं हात घालून पाण्याच्या दोन बाटल्या आणि तेलाची एक कॅन बाजूला काढली.

"माय, एवढं घेतो. पन्नी नाही चालत."

"काहून? कंपनी पैसे देते म्हनते ना?"

"कंपनी मले नाही भेटली अजून."

"मोजून तं पाय!"

त्यानं चुंगडी काट्याला लावली. कमरेएवढी चुंगडी, वजन भरलं दीड किलो. आत्याला काटाच खोटा वाटला. तिनं दुकानातून मिठाचा किलोचा पुडा आणून काट्याला टांगला. काटा खरा निघाला! तरी म्हातारी हटेना. शेवटी त्यानं लसणाच्या दोन गड्ड्या दिल्या, चुंगडी सायकलवर टाकली आणि सुटका करून घेतली. आत्या गावभर सांगत फिरली, पन्नीचे पैसे मिळाले म्हणून.

मग पाऊस झोडपून पडला. नाल्याचा पूर ओसरला तर पुलाखाली पन्नीचा खच, मधोमध चुंगडी, अन् तिच्या तोंडाला लाल काठ. पुढच्या खेपेला भंगारवाला दिसला तशी आत्या कडाडली, "माही चुंगडी नाल्यात फेकली न रे!"

तो शांतपणे म्हणाला, "तुही चुंगडी तुले वापस भेटली न माय? मंग माहा लसूण दे वापस."

आता हिशेब बघा. शाम्पूची रिकामी पुडी एक ग्रॅमची धरा. किलोला हजार पुड्या. समजा कंपनीनं किलोमागं पाच रुपये भरले, तर पुडीमागं पडला अर्धा पैसा. अर्धा पैसा, श्रोतेहो! तेवढ्यानं रुपयाची पुडी महागण्याचं कारण नाही. पाचचा बिस्किटपुडा पाचलाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होतात, ते तर या नियमाच्या आधीपासून चालू आहे. भार पडलाच, तर मात्र बाटली घेणाऱ्यापेक्षा पुडी घेणाऱ्यावर जास्त पडेल, कारण तेवढ्याच शाम्पूला त्याच्या घरी पन्नी जास्त. आणि हजार पुड्या वेचून पाच रुपये, तर भंगारवाला कशाला वाकेल?

कंपनी पैसे भरते ते पन्नीवर प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडून, एवढ्या पन्नीची विल्हेवाट लागली असं प्रमाणपत्र विकत घेऊन. ती पन्नी नागपूरची असो की सुरतेची, हिशेब पूर्ण. जिथं पुडी विकली तिथूनच ती उचलावी अशी अट नाही, म्हणून सोयीची पन्नी शहरातून उचलली जाते. गंमत म्हणजे ज्या पन्नीचं पुन्हा प्लास्टिक होत नाही, ती सिमेंटच्या भट्टीत जाळलेली नियमांना चालते, आणि सिमेंटचे कारखाने आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, गडचांदूर-कोरपन्याकडे आहेत. तरी आत्याची चुंगडी नाल्यातच.

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, त्याच्या पन्नीला तर कंपनीच नाही. पानठेल्यावर घोटायची, रस्त्यावर फेकायची. सुगंधी तंबाखूला राज्यात बंदी आहे म्हणे! ज्या गावात पानठेले तीन अन् शाळेत मास्तर दोन, तिथं मी काय बोलणार. असो.

मग उपाय काय? काचेची सोड्याची बाटली नाल्यात पडलेली फारशी कोणी पाहिली नसेल, कारण दुकानदाराकडे तिची अनामत असायची. तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटलीवर १० रुपये अनामत घेतात, बाटली दिली की पैसे परत. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला ५० पैसे परतीचा भाव ठरला होता. तुमच्यापैकी कोणाला मिळाले? मला तर नाही.

२०१६ च्या नियमांपासून गावातल्या प्लास्टिकची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्यामागं एका प्लास्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत निधी ठेवला आहे. तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, गाडी कोणत्या वारी येते, आणि पन्नी वेचून देणाऱ्या बाईला किलोमागं किती. भाव सांगितला, तर तो ठरावात लिहून घ्या. नमस्कार.