सोडायचं ठरवणारा मेंदू

उपचार सुरू झाले की व्यसनी माणसाकडून चार अपेक्षा असतात. ठरल्या वेळी यावं, धोक्याची जागा ओळखावी, तलफ आली तरी थांबावं आणि उद्याचा विचार करावा. कोकेन आणि मेथॅम्फेटामीन या उत्तेजक पदार्थांनी नेमकी याच चार कामांची क्षमता खिळखिळी केलेली असते. ‘याच्यात इच्छाशक्तीच नाही’ हे घरच्यांचं वाक्य म्हणूनच फारसं उपयोगाचं नाही. मेंदूत काय बिघडलंय हे कळलं, तर उपचाराची मांडणी बदलता येते.

दोन चेतापेशींमधल्या फटीत सुटलेलं डोपामीन, म्हणजे पेशींमधला निरोप पोचवणारं रसायन, परत आत ओढायला प्रथिनाचे वाहक असतात. कोकेन त्यांची वाट अडवतं, म्हणून डोपामीन बाहेर साचतं. मेथॅम्फेटामीन याच वाहकातून पेशीत शिरतं, साठवणीच्या पिशव्यांतलं डोपामीन आतच सांडवतं आणि वाहकाला उलटा चालवतं. आत मोकळं सुटलेलं डोपामीन ऑक्सिडीकरणातून चेतातंतूंच्या टोकांना इजा करतं. रक्तातलं कोकेन निम्म्यावर यायला साधारण १ तास लागतो, मेथॅम्फेटामीनला १० ते १२ तास. म्हणून कोकेनवाला एकाच बैठकीत पुन्हा पुन्हा घेतो आणि मेथॅम्फेटामीनवाला दिवसच्या दिवस जागतो. झोपेत पक्की होणारी स्मृती त्याच्या वाट्याला येतच नाही.

मग एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारासाठी, याच वर्गातली औषधं कशी चालतात? कपाळामागचा प्रिफ्रंटल कॉर्टेक्स डोपामीन कमी पडलं तरी ढेपाळतो आणि फार झालं तरी. तोंडावाटे, मोजक्या मात्रेत, हळूहळू चढणारं औषध त्याला मधल्या पट्ट्यात आणतं. धुरातून किंवा सुईवाटे काही सेकंदांत मेंदूत पोचणारा पदार्थ त्याला थेट पलीकडे फेकतो.

आता स्मृतीकडे येऊ. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची आणि अर्ध्या तासाने विचारायची, ही नेहमीची चाचणी. दीर्घकाळ मेथॅम्फेटामीन घेतलेल्यांच्या गटाला यात सरासरी कमी गुण पडतात. बऱ्याचदा गोची साठवण्याआधीच झालेली असते. ‘फळं एकीकडे, हत्यारं दुसरीकडे’ अशी जुळणी मनातल्या मनात करणं जमत नाही, त्यामुळे शब्द सुटे राहतात. रोजच्या जगण्यात जास्त महागात पडते ती वेगळीच विसर : पुढे करायच्या कामाची. गुरुवारी अकराला यायचंय हे विचारलं तर सांगता येतं, पण गुरुवारी अकरा वाजता ते आठवत नाही. उपचार केंद्रात याची नोंद ‘असहकार’ अशी होते, आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते.

याच मेंदूत एक स्मृती मात्र गरजेपेक्षा जास्त पक्की असते : कोणत्या जागी, कोणासोबत, कोणत्या वस्तूने नशा केली ती. २००१ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की कोकेन बंद केल्यावर त्याच्या खुणांनी जागी होणारी ओढ ६० दिवसांपर्यंत कमी होण्याऐवजी वाढतच गेली. दोन महिने नीट गेले म्हणून घरच्यांनी पहारा सैल करावा, हे यामुळेच मला धोक्याचं वाटतं.

आत्मनियंत्रण मोजायला पडद्यावरच्या बाणानुसार बटण दाबायला सांगतात आणि अधूनमधून आवाज झाला की हात आवरायचा असतो. उत्तेजकांचं व्यसन असलेल्यांना हा हात आवरायला जास्त वेळ लागतो. पण सगळं खापर पदार्थावर फोडू नये. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधक कॅरेन अर्श यांनी २०१२ साली व्यसनी माणसं आणि त्यांची निर्व्यसनी सख्खी भावंडं तपासली, तर थांबण्यातली कमजोरी दोघांतही सापडली. काही भाग आधीचाच असतो, पदार्थ त्यात भर घालतो. शिवाय या गटाच्या सरासऱ्या आहेत. समोरच्या माणसाचे गुण अगदी सामान्य असू शकतात.

भरून किती येतं? अमेरिकेतल्या व्यसन-संशोधक नोरा वोल्को यांच्या गटाने २००१ साली मेथॅम्फेटामीन सोडलेल्या पाच जणांचं स्कॅन १२ ते १७ महिन्यांनी पुन्हा केलं. मेंदूच्या कॉडेट आणि पुटामेन या भागांत डोपामीनचे वाहक अनुक्रमे १९ आणि १६ टक्क्यांनी वाढले होते. चाचण्यांतली सुधारणा मात्र त्या मानाने तोकडी होती. माणसं थोडी असली, तरी हिशेब आठवड्यांचा नाही, महिन्यांचा आहे, एवढं यावरून धरून चालावं.

तर करायचं काय? पहिल्या आठवड्यात चाचणी घेऊन शिक्का मारू नये. तेव्हा तुटलेली झोप आणि गळालेलं अवसान मोजलं जातं. सूचना तीनच द्याव्यात, त्याही कागदावर, आणि त्याच्याच शब्दांत परत म्हणवून घ्याव्यात. भेटीसाठी फोनवर दोन गजर लावावेत : एक आदल्या संध्याकाळी, एक निघायच्या वेळी. हातात रोकड आणि जुने नंबर ठेवू नयेत. तलफेशी झुंजण्यापेक्षा ती उठवणारी खूणच समोर न येणं सोपं.

बक्षीस लगेच हवं, कारण दूरचा फायदा या मेंदूला फार फिका वाटतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये संशोधक स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनसाठी बसवलेली पद्धत इथे बघण्यासारखी आहे. लघवीची तपासणी आठवड्यातून तीनदा, कारण कोकेनचा अंश साधारण दोन-तीन दिवसच सापडतो. पहिल्या स्वच्छ नमुन्याला २.५० डॉलरचं व्हाउचर, पुढच्या प्रत्येकाला १.२५ ची वाढ, सलग तीन स्वच्छ आले तर वर १० डॉलर. नमुना दूषित आला की किंमत पुन्हा २.५० वर. ही पद्धत उचलताना दोन ठिकाणी घोळ होतो. एक म्हणजे हिशेब सोपा जावा म्हणून बक्षीस महिनाअखेरीला देतात, आणि तिथेच त्यातला दम जातो. दुसरं, घसरलेल्याला कायमचं तळाशी ठेवतात. मूळ पद्धतीत सलग पाच स्वच्छ नमुने आले की आधी गाठलेली किंमत परत मिळते. हा नियम गाळला, तर एकदा घसरलेल्या माणसाला पुढच्या तपासणीला यायला कारणच उरत नाही.