मृत्युसमीप अनुभव आणि पवित्र शास्त्र: लाजर काहीच का बोलत नाही?

बंधुभगिनींनो, या विषयावर आपल्या मंडळ्यांत दोन टोकांची मतं ऐकू येतात. हृदय बंद पडून परत आलेली माणसं तेज पाहिल्याचं सांगतात, तेव्हा स्वर्ग आहे हे सिद्धच झालं, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते हे सगळं सैतानाचं मायाजाल आहे. मला दोन्ही मतं पटत नाहीत, आणि न पटण्याची कारणं शास्त्रातलीच आहेत.

आधी माहिती थोडक्यात. १९७५ साली अमेरिकेत रेमंड मूडी यांनी अशा कथनांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि हा विषय सगळीकडे पोचला. शरीरातून बाहेर पडणं, काळोखा बोगदा, प्रेमळ तेज, आधी गेलेले आप्त भेटणं, सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जाणं आणि मग परत फिरणं, असं साधारण वर्णन असतं. २००१ साली पिम व्हान लोमेल या डच हृदयरोगतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये अभ्यास छापला. दहा रुग्णालयांतल्या, हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा अनुभव सांगितला. उरलेल्या ८२ टक्क्यांना काहीच आठवत नव्हतं. प्रवचनांत पहिला आकडा येतो, दुसरा येत नाही. मेंदूत नेमकं काय घडतं हा वाद वैद्यकाकडे सोपवतो. माझा प्रश्न शास्त्राचा आहे.

शास्त्रात मेलेली माणसं उठवल्याच्या घटना आहेत. सारफथच्या विधवेचा मुलगा, शुनेमच्या बाईचा मुलगा, याईराची मुलगी, नाईन गावचा तरुण, बेथानीचा लाजर, यापोतली टबीथा. यांच्यापैकी एकानेही पलीकडे काय पाहिलं याबद्दल एक शब्द सांगितल्याची नोंद नाही. लाजर तर चार दिवस कबरेत होता. ही घटना लिहिणारा योहान लाजराच्या बहिणींपैकी मार्थेचं बोलणं सांगतो, मरीयेचं रडणं सांगतो, प्रेताला दुर्गंधी येत असेल ही काळजीसुद्धा सांगतो. पुढे लाजर येशूबरोबर पंगतीला बसलेला दिसतो, त्याला पाहायला लोकांची गर्दी होते. त्या गर्दीत ‘तिकडे काय होतं?’ असं कोणीतरी विचारलं असेलच. योहानाला ते उत्तर लिहावंसं वाटलं नाही. लेखकाला सगळं ठाऊक असताना त्याने काय गाळलं, हेही वाचायचं असतं. शुभवर्तमानात बोलणारा एकच आहे, कबरेबाहेर उभा राहून हाक मारणारा. लाजर फक्त ती हाक ऐकून बाहेर येतो.

प्रेषित पौलाचा अनुभव अपवाद वाटेल. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेल्याचं सांगतो. लुस्त्र या गावी दगडमार होऊन तो मेल्यासारखा पडला तेव्हाचाच हा अनुभव, असं काही जण जुळवून दाखवतात. पण काळ जुळत नाही. ते पत्र सुमारे इ.स. ५५-५६ मधलं आहे आणि पौल चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो आहे. लुस्त्राची घटना त्याच्या नंतरची. शिवाय तो सांगतो कसा ते पाहा. स्वतःचं नाव घेत नाही, शरीरात होतो की शरीराबाहेर हे देवाला ठाऊक म्हणतो, आणि जे ऐकलं ते माणसाने उच्चारू नये म्हणून थांबतो. चौदा वर्षं तो गप्प होता आणि बोलला तोही विरोधकांनी भाग पाडलं म्हणून. आज अशा अनुभवांच्या साक्षी व्यासपीठावरून ज्या तऱ्हेने सांगितल्या जातात, त्याच्याशी हे ताडून पाहावं.

आता दुसऱ्या टोकाकडे. माणसाला एकदाच मरणं आणि मग न्याय नेमलेला आहे, हे इब्री लोकांस पत्रातलं वचन पुढे करून असे सगळे अनुभव खोटे ठरवले जातात. तो नियम इतका ताठ धरला तर लाजराचं काय करायचं? तो तर पुन्हा मेला. सैतान तेजस्वी दूताचं सोंग घेतो हे वचनही पौलाने करिंथातल्या खोट्या प्रेषितांबद्दल लिहिलं आहे, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांबद्दल नाही. आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडावर ते फेकणं मला क्रूरपणाचं वाटतं.

मग हे अनुभव शास्त्राशी जुळतात का? काही जुळतात, पण ते एकमेकांशीच पुरते जुळत नाहीत. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी १९८६ साली उत्तर भारतातल्या सोळा घटना प्रसिद्ध केल्या. त्यांत दूत येऊन माणसाला घेऊन जातात, वही असलेल्या अधिकाऱ्यापुढे उभं करतात, मग चुकीचा माणूस आणला हे लक्षात येतं आणि त्याला परत पाठवतात. यमदूत, चित्रगुप्त ही आपल्याला ओळखीची मांडणी आहे. म्हणून ‘हे हिंदू संस्कारांमुळे’ असं ख्रिस्ती माणूस पटकन म्हणेल. पण सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी लिहून ठेवलेली हकिकत ऐका. स्तेफन नावाचा प्रतिष्ठित माणूस कॉन्स्टँटिनोपलमध्ये मेला. त्याला अधोलोकातल्या न्यायाधीशापुढे नेलं, तेव्हा न्यायाधीश म्हणाला, हा नव्हे, स्तेफन लोहार आणायला सांगितला होता. हा परत आला आणि त्याच घटकेला शेजारचा लोहार मेला. ग्रेगरी हे स्वतः त्या स्तेफनच्या तोंडून ऐकल्याचं सांगतात. त्या काळच्या ख्रिस्ती जगात आणि उत्तर भारतात एकच गोष्ट! शास्त्रात मात्र ती नाही. डोक्यावरचे केसही ज्याने मोजले आहेत, तो देव नावात चुकत नाही. म्हणजे ख्रिस्ती माणसाने पाहिलं म्हणून ते ख्रिस्ती शिक्षण ठरत नाही.

मला सर्वांत खटकणारी तफावत शरीराबद्दलची आहे. छतापाशी तरंगत खालचा आपला देह परक्यासारखा पाहणं आणि परत त्यात जावंसं न वाटणं, हे या अनुभवांत वारंवार येतं. देह टाकला की सुटका, हा विचार ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोला मान्य झाला असता. पौलाला नाही. त्याला देहाचं वस्त्र टाकून उघडं व्हायचं नाही, वरून आणखी वस्त्र पांघरायचं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो ज्या आशेसाठी भांडतो, ती मृतांच्या पुनरुत्थानाची, गौरवी शरीराची आहे. आणि येशू मार्थेला ‘तुझा भाऊ तेजात सुखी आहे’ असं म्हणून वाटेला लावत नाही. तो कबरेकडे निघताना रडतो. मरण हा शत्रू आहे म्हणून रडतो. मरण फार सुंदर असतं, घाबरू नका, असं सांगणारी साक्ष कितीही प्रामाणिक असली तरी तिच्यात हे रडणं बसत नाही.

पुराव्यासाठी आपण इतके आसुसलेले का असतो? लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस हीच मागणी करतो: मेलेल्यांतून कोणीतरी माझ्या भावांकडे पाठवा. अब्राहाम नकार देतो. ते मोशे आणि संदेष्टे यांचं ऐकत नसतील, तर मेलेला उठून गेला तरी त्यांची खात्री पटणार नाही. २०१० साली अमेरिकेत, अपघातातून वाचलेल्या एका लहान मुलाच्या स्वर्गभेटीचं पुस्तक निघालं आणि प्रचंड खपलं. २०१५ साली त्याच मुलाने जाहीर केलं की आपण मेलो नव्हतो आणि स्वर्गातही गेलो नव्हतो. लोकांनी बायबल वाचावं, तेवढं पुरे आहे, असंही तो म्हणाला. त्या मुलाचा मला राग येत नाही. त्याच्याकडून पुरावा मागणाऱ्या आम्हा मोठ्यांबद्दल वाईट वाटतं.

शेवटी पाळकांसाठी आणि घरी रुग्ण असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. सगळे अनुभव सुखाचे नसतात. ब्रूस ग्रेसन आणि नॅन्सी इव्हान्स बुश या संशोधकांनी १९९२ साली भयाचे अनुभव मांडले: भीतिदायक तेज, अंतहीन पोकळी, नरकासारखी दृश्यं. विश्वासू माणसाला असं काही दिसलं तर तो ते कोणाला सांगत नाही, कारण ‘माझं तारण झालेलं नाही’ हाच निकाल तो मनात लावून बसतो. त्याच्याकडे जा, त्याचं सगळं ऐकून घ्या, मध्ये उपदेश करू नका. ऐकून झालं की त्याच्यासोबत ११६ वं स्तोत्र वाचा. मृत्यूच्या पाशांनी मला वेढलं, अधोलोकाच्या यातनांनी मला गाठलं, असं तिथे परमेश्वरावर प्रेम करणारा माणूसच म्हणतो आहे, आणि ती भीती पाहिली म्हणून परमेश्वराने त्याला टाकलेलं नाही.